संपेल असा आहेर

माणूस जन्माला येऊन बारा दिवस होतात न होतात, तोच त्याच्या नावावर डझनभर झबली, टोपडी, दुपटी, दोन-तीन खुळखुळे, चांदीची एक वाटी आणि त्याच्याहून उंच असं एक कापसाचं अस्वल जमा झालेलं असतं. पुढे नोकरी लागो, बढती मिळो, मालमत्ता एवढ्या झपाट्याने त्याच्या आयुष्यात पुन्हा वाढत नाही.

ही मालमत्ता वाढवण्यात माझा हातभार मोठा आहे, कारण नात्याने मी आत्या. आमच्यात भावंडं पुष्कळ, म्हणून भाचरं पुष्कळ, आणि आता त्या भाचरांना मुलं व्हायला लागल्यापासून मला आत्याआजी अशी बिनपगारी बढती मिळाली आहे. बारशातलं आत्याचं काम ठरलेलं असतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं, ‘कुर्रर्र’ करायचं आणि जमलेल्या बायकांचे पाठीवर धपाटे खायचे. धपाट्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्याआधी दुकानात जे होतं, ते जास्त लागतं.

तुळशीबागेत जा नाहीतर दादरच्या रानडे रोडवर, दुकानदाराचे प्रश्न दोनच. पहिला, “मुलगा की मुलगी?” दुसरा, “कितीपर्यंतचं दाखवू?” पहिल्या उत्तरावर रंग ठरतो, दुसऱ्यावर चकाकी. मग काउंटरवर एक शेरवानी येते. तळहाताएवढी, जरीची, गळाबंद, पाठीला कडक बटणं. ज्या माणसाचा दिवसाचा बहुतेक वेळ पाठीवर झोपण्यात जायचा आहे, त्याला पाठीवर बटणं कशाला, असं मी एकदा विचारलं. “फोटोत दिसत नाहीत मॅडम,” असं उत्तर मिळालं.

माप तर कुणी विचारतच नाही. बारशाला येणारे सगळे आत्ताच्या बाळाच्या मापाचं आणतात, आणि आत्ताचं बाळ हे दोन-तीन आठवड्यांचंच पाहुणं असतं. जन्माच्या वेळचं वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. उंची ५० सेंटिमीटरच्या आसपास सुरू होते आणि पहिल्या वाढदिवसाला ७५ च्या घरात पोचते. बारशात पाळण्याखालून आणि वरून फिरवायला वरवंट्याला झबलं-कुंची घालतात ना, त्याचं मला नेहमी कौतुक वाटतं. आलेले कपडे वर्षभर नीट बसतील असा त्या समारंभात तो एकटाच असतो.

यावर शहाणी माणसं मोठ्या मापाचे कपडे घेतात, पण त्यात पंचांगही पाहावं लागतं. मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाला सहा महिन्यांच्या मापाचा लोकरी स्वेटर दिला, तर तो अंगाला येतो ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. डोंबिवलीत तर तो कोणत्याच महिन्यात घालता येत नाही. तरीही दर बारशाला एक स्वेटर येतोच, कारण कुणीतरी तो डोहाळजेवणापासून विणत बसलेलं असतं आणि त्यांना सांगणार कोण?

जुन्या बायकांचा हिशोब वेगळा होता. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत घरात नवं काही आणायचं नाही, आणि आल्यावरही पहिलं झबलं जुनंच घालायचं, थोरल्या भावंडाचं नाहीतर चुलत-मावस भावंडाचं. दुपटी आजीच्या नऊवारीची आणि आजोबांच्या धोतराची. आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे झालो. पण शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. नव्या कपड्यातली खळ निघायला चार धुणी लागतात, आणि चार धुणी होईपर्यंत बाळ त्या कपड्यातून बाहेर आलेलं असतं.

खेळण्यांचंही तेच. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच काय ते जरा स्पष्ट दिसतं. म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा, बस. त्यामुळे कपाटावर बसवलेलं ते अस्वल बाळ सोडून घरातल्या सगळ्यांना दिसतं. बाळाच्या अंथरुणात ते ठेवू नका असं डॉक्टर सांगतात. पहिलं वर्षभर उशीही नको म्हणतात. आणि आपल्याकडे तर राईची उशी हा हक्काचा आहेर. आजी म्हणते, “डोकं चपटं राहील.” डॉक्टर म्हणतात, “डोकं आपोआप गोल होतं.” मग ती उशी डॉक्टरांच्या समोर कपाटात आणि आजीच्या समोर पाळण्यात असते.

बटण दाबलं की सतरा गाणी म्हणणारं खेळणं आणणारा पाहुणा मात्र मनात काहीतरी जुनं धरून आलेला असतो, असा माझा संशय आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यामुळे खेळणं बाळासाठी सुरक्षित असल्याची काहीतरी हमी मिळते. आईबापांच्या डोक्यासाठी वेगळा मार्क निघालेला नाही. गोल चौकटीत बाळाला बसवायचा तो चाकांचा वॉकरही अजून हौसेने दिला जातो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, कारण चाकं जिन्यापर्यंत पोचतात. आपला लाकडी पांगुळगाडा त्या मानाने सभ्य. तो निदान चालण्याची मेहनत बाळाला स्वतः करायला लावतो.

तोंडात जाणाऱ्या वस्तूंची तर आणखी पंचाईत. एखादी काकू शुद्ध जंगली मध आणते, चाटवायला. एक वर्षापर्यंत मध द्यायचा नाही, असं डॉक्टर सांगतात. एखादा मामा दुधाच्या बाटल्यांचा संच आणतो. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे. विक्री वाढवण्यासाठी दुधाच्या बाटल्या आणि पावडरी लोकांना वाटता येत नाहीत. मामाचा हेतू विक्री वाढवण्याचा नसतो, म्हणून मामा सुटतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, त्यामुळे चांदीच्या वाटी-चमच्यालाही तोवर काम नाही. पुढे काम सुरू होतं तेव्हा बाळाला वाटीपेक्षा वाटी फेकण्यात रस असतो. मग चांदीची वाटी कपाटात जाते आणि पोचे सोसायला स्टीलची पुढे येते.

चांदीबद्दल मला तरी आदर आहे. वाळे बारशाच्या फोटोपुरते पायात येतात आणि मग बँकेच्या लॉकरमध्ये काळे पडत राहतात, हे खरं. पण निदान मोडता येतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायची वेळ आली की वाळे, वाटी, करगोटा यांची आठवण सगळ्यांना येते. या उलट तो पारदर्शक कागदातला ‘बेबी सेट’. पावडर, साबण, तेल, कंगवा. बाळाच्या डोक्यावर केस नसले तरी कंगवा असतोच. हा सेट कुणी उघडत नाही. तो एका बारशातून दुसऱ्या बारशाला जातो आणि बरीच घरं बघून येतो. माझ्याकडे आलेल्या अशा एका सेटमधल्या पावडरची मुदत बाळाच्या जन्माआधीच संपली होती.

अशी एवढी बारशी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. चांगला आहेर तो, जो संपतो. जो राहतो, तो कपाट अडवतो, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला “हे कुणी दिलं होतं ग?” या प्रश्नाला जन्म देतो.

हे सगळ्यात आधी कळलं फिनलंडला. तिथे सरकारच आत्या होतं. १९३८ मध्ये गरीब आयांना बाळंतपणाचा खोका द्यायला त्यांनी सुरुवात केली आणि १९४९ पासून तो सगळ्यांना मिळू लागला. त्यात बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण, नखं कापायची कात्री असं रोजच्या उपयोगाचं सामान. खोक्याच्या तळाशी छोटी गादी असते, म्हणजे सामान काढलं की खोक्याचाच पाळणा होतो. खोका नको असेल तर रोख रक्कम मिळते, पण पहिलटकरणी बहुतेक खोकाच घेतात. त्या खोक्यात आईबापांसाठी कंडोमही ठेवत आले आहेत. इतका दूरचा विचार करणारी आत्या आमच्या घराण्यात झाली नाही, आणि झाली असती तरी तिला दुसऱ्या बारशाचं आमंत्रण गेलं नसतं.

आपल्या बारशात आई कुठे असते, हा प्रश्नही मला त्या खोक्यामुळेच पडला. ती असते पाळण्याच्या मागे, जरीच्या साडीत, अवघडून बसलेली. बाळाला वस्तू मिळतात आणि तिला मतं. “दूध पुरतंय ना?” “कान बांधला नाहीस?” “रंग कुणावर गेलाय म्हणायचा?” तिच्यासाठी म्हणून येतात ते लाडू. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे. लाडू संपतात, त्यामुळे माझ्या व्याख्येत बसतात. पण माहेर, सासर, शेजार आणि बापाचं ऑफिस या सगळ्यांनी एकाच आठवड्यात डबे पाठवले, तर एकटी बाळंतीण किती खाणार? मग बाळंतपणाचा पौष्टिक आहार घरातले पुरुष निष्ठेने पूर्ण करतात. दोन महिन्यांनी वजन बाळाचं आणि आजोबांचं वाढलेलं असतं.

तिला खरं हवं असतं ते फारच साधं. पुढून बटणं असलेला सुती गाऊन. एका हाताने उघडता येईल अशी पाण्याची बाटली, कारण दूध पाजताना घशाला कोरड पडते आणि दुसरा हात बाळाखाली असतो. गरम भाकरी, लसणीच्या फोडणीची आमटी, आसट भात, तूप, मेतकूट यांचा डबा, तोही परत न मागितलेल्या डब्यात. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस. खाजगी नोकरीतल्या बापाला साहेबाची मर्जी. त्या बापाच्या डोळ्यांखाली बघा आणि मग ठरवा, त्याला फोटो फ्रेम द्यायची की बाळाला तासभर आपल्या मांडीवर घेऊन बापाला झोपवायचं. घरात थोरलं भावंड असेल तर त्याच्यासाठीही काहीतरी खिशात असावं. खडूची पेटी पुरते. सगळा गाव पाळण्याकडे चाललेला असताना आपल्याकडे कुणीतरी वळलं, हे त्याला फार दिवस आठवतं.

गेल्या आषाढात माझ्या थोरल्या भावाला नात झाली तेव्हा मी दुकानात न जाता सरळ भाचेसुनेलाच फोन लावला.

“अगं, खरं सांग, काय आणू?”

“काही नको हो आत्या, तुम्ही या फक्त.”

“ते सगळेच म्हणतात. खरं सांग.”

थोडा वेळ शांतता. मग दार लावल्याचा आवाज, आणि दबक्या आवाजात, “आत्या, डायपर आणाल? पण न्यूबॉर्नचे नकोत, त्यांचा ढीग आहे. त्याच्या पुढचं माप आणा. स्मॉल.”

मी डायपरचे तीन पुडे आणि आमटीचा डबा घेऊन गेले. पुड्यांना चकचकीत कागद गुंडाळला नव्हता, त्यामुळे आहेर दारातूनच सगळ्यांना वाचता आला. वहिनींनी ते पुडे एखाद्या बेवारस सामानासारखे आतल्या खोलीत नेले. आहेराच्या वहीत त्यांनी माझ्या नावापुढे काय लिहिलं ते मी डोकावून पाहिलं. ‘इतर’ असं लिहिलं होतं. “वन्सं, आत्याआजीकडून चांदीचं काहीतरी असतं तर शोभलं असतं,” एवढं मात्र त्या मला जिलेबी वाढता वाढता म्हणाल्या. धपाटेही या वेळी जरा जोरात पडले.

संक्रांतीच्या आधी वहिनींचा फोन आला, बोरन्हाणाच्या आमंत्रणाचा.

“येईन की,” मी म्हटलं, “हलव्याचे दागिने आणू का?”

“दागिने तिच्या आजोळचे आणताहेत. वन्सं, तुम्ही ते... मागे आणलं होतं ना, ते संपलं हो कधीच. आता मीडियम लागतं.” मग जरा थांबून, “लाडूही आणलेत तरी चालतील. ते सगळे तुमच्या भावाने संपवले.”