हेब्बाळला तळं आहे, पुलावरून दिसतं

भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, "मामा, बाल्कनीतून तळं दिसतं. चालत पाच मिनिटं." कोल्हापूरच्या माणसाला तळं म्हटलं की रंकाळाच दिसतो. कठड्यावर बसायचं, भेळ खायची, ओळखीचे चार जण भेटले की पाचव्याची निंदा करायची. आम्ही भडंगाचे दोन मोठे पुडे घेऊन बंगळूरला थडकलो.

बाल्कनीतून तळं दिसतं, यात खोटं काही नव्हतं. डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं, वाळत घातलेला टॉवेल बाजूला करायचा आणि दोन टॉवरांच्या मधल्या फटीत बघायचं. पाण्याची पांढुरकी पट्टी दिसते. त्या पट्टीपायी फ्लॅट किती महाग पडला, हे भाच्यानं सांगितलं. त्या पैशात रंकाळ्यावर निदान भेळ तरी जन्मभर आली असती.

"चालत पाच मिनिटं" हा हिशोब कावळ्याचा निघाला. मध्ये बळ्ळारी रोड आहे. तो ओलांडायला एक तर पंख हवेत, नाही तर रिक्षा. आम्ही रिक्षा केली. इथे सगळे "हेब्बाल" म्हणत होते, म्हणून मी मुद्दाम जीभ वळवून "हेब्बाळ लेक" असं म्हणालो. आपल्याकडे ळ आहे, तो परगावी मिरवायचा नाही तर कुठे? रिक्षावाला इतका खूष झाला की पुढची दहा मिनिटं माझ्याशी अस्खलित कन्नडमध्ये बोलत राहिला. ळचा हा तोटा कोणी सांगत नाही.

तळं उजवीकडे असताना रिक्षा डावीकडे निघाली, मग वर चढली आणि हेब्बाळच्या सुप्रसिद्ध उड्डाणपुलावर येऊन थांबली. हा पूल 2003 सालचा. बळ्ळारी रोड, रिंगरोड आणि विमानतळाकडे धावणारी अख्खी मुंबई-दिल्ली इथे एकमेकांत गुंतते. आमच्यापुढे गाड्या, मागे गाड्या. सौ. वैतागून बाहेर बघायला लागली आणि म्हणाली, "अहो, हे बघा!"

खाली सगळं तळं पसरलं होतं. कुठली फट नाही, कुठला टॉवेल नाही. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले, काठच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, वर एक ब्राह्मणी घार आणि मधोमध पोटलीसारखी चोच मिरवणारे पेलिकन. सौ.नं नऊ मोजले, रिक्षा हलली नाही. पुन्हा मोजले, अकरा भरले. बसायला जागा, वारा, समोर पाणी, आणि उठवायला कोणी येत नाही.

बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटर वर, आणि मोठी नदी नाही. म्हणून जुन्या लोकांनी उतारांवर बांध घालून तळ्यांच्या माळा केल्या. एक भरलं की ओसंडून दुसऱ्यात. हेब्बाळचं तळं 1537 साली बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांनी बांधलं असं सांगतात. इथून निघालेलं पाणी नागवारच्या तळ्यात, तिथून पुढे होत होत दक्षिण पिनाकिनीला मिळून तमिळनाडूत जातं. पाणी तमिळनाडूला पोहोचतं. आम्ही अजून तळ्यावर पोहोचलो नव्हतो.

भाच्यानं आणखी ज्ञान दिलं. हेब्बाळात साधारण इसवी सन 750 चा एक वीरगळ सापडला आहे. कित्तय्या नावाचा वीर गावासाठी राष्ट्रकूटांच्या स्वारीत पडला, त्याचा. राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचं कैलास लेणं खोदणारे, तेव्हा आपल्याच बाजूचे. मी आवाज जरा खाली आणला. मग 1638 मध्ये शहाजीराजे आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीत गेलं. सौ.चं म्हणणं, नीट कागद काढले तर एखादा फ्लॅट निघायला हरकत नाही.

शेवटी काठावर पोहोचलो. झाडी होती, पायवाट होती, आणि हातभर लांब लेन्सा लावलेली माणसं होती. मी नेहमीच्या आवाजात "कुठाय भेळ?" असं विचारलं. तीन बगळे उडाले आणि चार लेन्सा माझ्याकडे वळल्या. भेळ नव्हती.

भूक दर्शिनीत भागली. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. पाटीवर "वांगीबाथ" वाचून सौ.चा ऊर भरून आला. वांग्याला कन्नडमध्ये बदनेकायी म्हणतात. भातात पडलं की मात्र ते वांगीच होतं. "खाराबाथ" तिनं खारट असेल म्हणून नाकारला. खारा म्हणजे तिखट, हे कळल्यावर तिनं दोन मागवले आणि पानभर रवा संपवून, "ह्याला तिखट म्हणतात?" असा निकाल दिला. वर एक कॉफी, बाय-टू, म्हणजे दोघांत.

परतीच्या दिवशी कोल्हापूरची गाडी गाठायला मॅजेस्टिककडे निघालो. पुलावर टॅक्सी थांबली, अर्थातच तळ्यासमोर. सौ.नं उरलेला पुडा फोडला, कांदा नव्हता पण भडंग होतं, आणि पहिली मूठ ड्रायव्हरच्या हातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, "खारा!"

आता शब्द तिला माहीत होता. खुशीत तिनं आणखी एक मूठ दिली.

"साकु अम्मा, साकु!" तो हात हलवत म्हणाला.

हा शब्द आमचा अजून व्हायचा होता. तिनं तिसरी मूठ भरली.