नक्की सांगता येणार नाही

लग्नात सगळे पंगतीची जागा धरायला धावत असताना जो गृहस्थ हॅलोजनच्या खांबाखाली मान वर करून उभा असतो, तो बहुधा हौशी भुंगेवाला असतो. खिशात जॅमची रिकामी बाटली असतेच. लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. मला तो आपल्यातला सर्वांत जबाबदार माणूस वाटतो. आपल्याकडे पत्ता विचारला तर ठाऊक नसलेलाही ठामपणे डावीकडे पाठवतो. अशा मुलखात ‘नक्की सांगता येणार नाही’ असं न लाजता म्हणणारा हाच काय तो उरला आहे. पक्षीनिरीक्षकाशी ताडून पाहा. भारतात पक्ष्यांच्या जाती साधारण तेराशे; सगळं पुस्तक शबनममध्ये मावतं, म्हणून सकाळी टेकडीवर त्याच्या तोंडून नुसती नावं सांडत असतात. भुंगेऱ्यांच्या मात्र नाव मिळालेल्या जातीच जगात साडेतीन लाखांवर. त्यामुळे ‘हा कोणता हो?’ असं विचारलं की भुंगेवाला आधी भिंग काढतो, मिशांची पेरं मोजतो, मागच्या पावलांना चारच पेरं आहेत ना, याची खात्री करतो (पुढच्या चार पावलांना पाच-पाच, या फरकावर खानदान ठरतं), आणि मग म्हणतो, ‘कूळ सांगतो. जात हवी तर नराचं जननांग काढून बघावं लागेल.’ विचारणाऱ्या काकू तोवर मठ्ठ्याकडे सरकलेल्या असतात.

ही नम्रता नव्हे, निव्वळ हाव आहे, असं कुणी म्हणेल आणि साक्षीला थेट डार्विनलाच आणेल. केंब्रिजला असताना त्याच्या दोन्ही हातांत दोन दुर्मिळ भुंगेरे होते. तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून त्याने हातातला एक तोंडात टाकला. त्या प्राण्याने जिभेवर असा जळजळीत द्रव सोडला की तो थुंकावा लागला. तो गेला आणि तिसराही गेला. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. तेव्हा हाव कबूल. पण ती किड्याची, मताची नव्हे. पुरावा हवा तर या मंडळींची पेटी उघडा. तांदळाच्या कणीएवढा जीव पुठ्ठ्याच्या त्रिकोणी तुकड्यावर चिकटवलेला, खाली त्याच्याहून मोठी चिठ्ठी: गाव, तारीख, दिव्यावर मिळाला की शेणात. नावाची जागा कोरी, आणि तिची त्यांना मुळीच लाज नाही. मारता कशाला, फोटो काढा, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हेही योग्यच. पण अनेक जातींची ओळख पोटाखाली दडलेली असते आणि फोटोत पाठच येते.

राहिला उपयोगाचा प्रश्न. तो उसाच्या फडात विचारावा. हुमणीच्या अळीने मुळं खाल्लेला ऊस धरून ओढला तर अलगद हातात येतो. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करायचे असतात. पण हुमणीच्याही जाती अनेक, त्यांच्या सवयी निराळ्या. म्हणून शेतकऱ्याने अळी पुढे केली की भुंगेवाला ती उताणी करून बुडाजवळच्या केसांच्या ओळी तपासत बसतो. औषधाच्या दुकानदाराने तोवर बाटली पिशवीत घालून बिलही फाडलेलं असतं.