उठवायला सारे, झोपवायला कोण?

सरकारी खात्यांत समन्वय नसतो, असं म्हणणाऱ्यांनी पहाटे पाचला मुंबईतल्या एखाद्या उड्डाणपुलाखाली जाऊन यावं. पालिकेची गाडी, पोलिसांची व्हॅन आणि पाण्याचा टँकर पाठोपाठ हजर होतात. माणसं पोलीस उठवतात, पथाऱ्या पालिका उचलते आणि कुणी पुन्हा आडवं होऊ नये म्हणून टँकर जमीन ओली करतो. ना टिपणी, ना टेंडर, ना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. पाहणाऱ्याचा ऊर भरून यावा!

याच माणसांना छप्पर द्यायचा विषय निघाला की मात्र ही खाती एकमेकांना ओळख देत नाहीत. निवारा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून आलेला, म्हणून पालिकेचा. भीक मागताना सापडला तर 1959 चा कायदा, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि महिला व बालविकास खात्याचं भिक्षेकरी गृह. फलाटावर झोपला तर रेल्वेचा. खोकला तर आरोग्य खात्याचा. माणूस तोच, पण त्यानं कूस बदलली की खातं बदलतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच गणित सोपं करून दिलं होतं: शहरात लाख वस्तीमागे एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख भरली. भागाकार चौथीच्या पोरालाही जमेल, उत्तर सव्वाशेच्या घरात जातं. पालिकेच्या पाटीवर मात्र अजून बाकीच मोठी दिसते. त्याच जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा मुंबईत 57 हजारांहून अधिक माणसं सापडली होती. म्हणजे मोजायला ती सापडतात. हरवतात ती रेशनकार्डाच्या खिडकीवर, ‘पत्त्याचा पुरावा?’ या प्रश्नापाशी.

त्या मानाने निवडणूक आयोग दिलदार. मतदार म्हणून नाव घालायला तो बेघराकडे पत्त्याचा कागद मागत नाही. त्याचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, आणि एका रात्रीवर भागत नाही म्हणून पुन्हा येतो. आता बीएलओ आणि हवालदार एकाच रात्री आले तर? बीएलओ अदबीनं विचारणार, ‘तुम्ही रोज इथेच झोपता ना?’ हवालदार काठी आपटणार, ‘ए, ऊठ! इथं झोपायचं नाही.’ मतदार व्हायचं तर झोपून राहा, कायदा पाळायचा तर उठा. त्यातल्या त्यात सुख एवढंच, की ‘तुम्ही’ म्हणणारा कुणीतरी भेटला.

पण सगळं खापर खात्यांवर कशाला? समन्वयात आपण नागरिकही कमी नाही. गल्लीत निवारा होणार अशी नुसती कुणकुण लागू द्या. ज्या सोसायटीत टाकीच्या गळतीवरून दोन तट पडलेत आणि सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही, तिथे एका संध्याकाळी दीडशे सह्या होतात. ‘आमचा विरोध नाही हो, पण इथे नको. शाळा जवळ आहे.’ दुसऱ्या जागेजवळ देऊळ निघतं, तिसरीजवळ जॉगिंग ट्रॅक. अखेर जागा मिळते ती शहराच्या पार टोकाला. दादरला गजरे विकणारी बाई किंवा नाक्यावर मजुरीला उभा राहणारा गडी तिथे जायला तयार होत नाही, कारण येण्याजाण्यातच रोजी बुडते. मग अहवालात वाक्य पडतं: ‘लाभार्थी अनुत्सुक.’ फाईल बंद.

तेव्हा वाचकहो, यावर आणखी एक समिती मागू नका. वॉर्ड ऑफिसात जाऊन एवढंच विचारा, की आपल्या वॉर्डातला निवारा कुठे आहे आणि त्यात खाटा किती. आणि सह्यांचा कागद दारी आला, तर पेन सापडत नाही म्हणून सांगा.