जनरेटेड फाइलमध्ये हात घालणाऱ्या महाशयांस

महाशय,



फाइलच्या पहिल्याच ओळीत ‘डू नॉट एडिट’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ते ओलांडून तुम्ही खाली उतरलात, हवी ती ओळ गाठलीत आणि एडिट केलंत. वर कमिटच्या संदेशात ‘मायनर फिक्स’ एवढंच लिहिलंत. केलेल्या कामाचं श्रेय इतकं लपवणारा माणूस आजकाल विरळाच.

तुमची दुरुस्ती मात्र बिनचूक होती. लोणावळ्यातल्या एका हॉटेलाचं बुकिंग. रात्री बारापर्यंत पाहुणा आला नाही की ‘नो-शो’ धरून खोली पुन्हा विक्रीला काढायची, असा नियम मॉडेलमध्ये, म्हणजे ज्यावरून जनरेटर हा सगळा कोड काढतो त्या वर्णनात, होता. लिहिणाऱ्यानं बोरघाट बहुधा विमानातूनच पाहिला असावा. मुंबईची मंडळी शनिवारी ‘नऊला पोचतो’ म्हणतात आणि साडेबाराला येतात. २०२० मध्ये घाटातला अमृतांजन पूल पाडला, तरी तिथली कोंडी आपली जागच्या जागी आहे. तुम्ही बाराचे दोन केलेत. हॉटेलवाले खूश, तुम्ही खूश. मॉडेलला फक्त कुणी कळवलं नाही.

मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशाच दिवसासाठी जनरेटर पाळलेला असतो. आम्ही मॉडेलमध्ये एका जागी दर बदलला, जनरेटर चालवला आणि स्क्रीन, बिलं, रिपोर्ट सगळं नव्या दरानं बाहेर पडलं. त्याच फेरीत तुमचे दोन गुपचूप पुन्हा बारा झाले. दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्याच शनिवारी रात्री पाऊण वाजता एक कुटुंब रिसेप्शनवर उभं : आजींचे गुडघे आखडलेले, पोरं पेंगुळलेली, आणि त्यांच्या खोलीत दुसऱ्याच कुणाचे मोजे वाळत पडलेले. फोन मला आला. तुम्ही तोवर बढती घेऊन दुसऱ्या टीममध्ये गेला होता, त्याबद्दल उशिरानं अभिनंदन.

हा उद्योग तुम्ही एकट्यानं शोधून काढला, असं मात्र समजू नका. १९७५ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये यॅक आणि लेक्स ही साधनं निघाली. व्याकरण लिहून द्यायचं, पार्सरचा कोड यंत्र काढून देतं. त्या कोडमध्ये हात घालावासा वाटणारे तेव्हापासूनच जन्माला आले असणार. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसनं तर कोडमध्ये खास खुणांची कुंपणं घातली : याच्या आत विझार्डचं राज्य, बाहेर तुमचं. लोक आत शिरलेच. १९९६ मध्ये जॉन व्लिसिडिस यांनी ‘जनरेशन गॅप’ नावाचा तोडगा मांडला : यंत्रानं काढलेला क्लास एका फाइलीत, माणसानं लिहिलेला त्याचा वारस दुसऱ्या फाइलीत. यंत्रानं पहिली फाइल हजारदा पुसून लिहिली तरी दुसरीला धक्का नाही. २००५ मध्ये सी-शार्पमध्ये पार्शल क्लास आले, तेही बरंचसं याच दुखण्यावर. म्हणजे तुमच्या सवयीपायी भाषा बदलल्या, साहेब. एवढा मान भल्याभल्यांना मिळत नाही.

आणि हे सगळं दूर परदेशात घडलं, आपल्याला काय ठाऊक, ही सबबही चालायची नाही. १९८१ मध्ये टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. तिथल्या कामातून मास्टरक्राफ्ट ही साधनं उभी राहिली : व्यवहाराचं मॉडेल द्या, डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंतचा कोड त्यातून काढून घ्या. उद्या डेटाबेस बदलला, तंत्र बदललं, तरी मॉडेल तेच राहतं आणि कोड नव्यानं काढता येतो. हे हडपसरला घडत होतं. तुमच्या कंपनीच्या बसच्या टप्प्यात.

तेही राहू द्या, लोकलनं वडगावला उतरा. तिथल्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ आला. आंबेमोहोराचा वास हवा आणि आयआर-८ या वाणाचं भरघोस उत्पन्नही हवं, असा पेच होता. त्यांनी आयआर-८ च्या तांदळावर अत्तर शिंपडलं नाही. दोन्हींचा संकर केला, म्हणून तो वास दरवर्षी पेरला की पुन्हा उगवतो. तुम्ही अत्तर शिंपडून घरी गेलात.

दिवाळीनंतरची गंमत तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मीटिंग झाली आणि ठरलं की यापुढे जनरेटर चालवायचाच नाही, कारण आणखी कुठे कुठे ‘मायनर फिक्स’ दडलेत हे कुणालाच सांगता येईना. म्हणजे जो कोड कुणा माणसानं लिहिला नाही, माणसानं वाचावा म्हणून जो लिहिलेलाच नाही, तो आता माणसं हातानं सांभाळताहेत. जीएसटीचा दर पुढच्या वेळी बदलला की एकेका फाइलीत जाऊन बदलायचा. मॉडेल आहे, देव्हाऱ्यातल्या टाकासारखं. टीममधली नवी मुलं एआयला सांगून त्याच फाइली दुरुस्त करतात. पहिली ओळ न वाचण्यात तोही तुमच्याच तालमीतला.

तुमच्या दुसऱ्या पराक्रमाबद्दल बोलायचं राहिलंच. पत्त्यांच्या यादीत ‘वडगाव’ असं मोघम होतं, ते ‘वडगाव मावळ’ करायचं होतं. तुम्ही सगळ्या फाइलींवर फाइंड-रिप्लेस फिरवलंत. तेव्हापासून पुण्याचे पाहुणे ‘वडगाव मावळ शेरी’ आणि ‘वडगाव मावळ बुद्रुक’ इथून येतात, आणि जिथं मुळातच बरोबर होतं तिथं ‘वडगाव मावळ मावळ’. महसूल खात्यालाही न जमलेली मावळ तालुक्याची ही हद्दवाढ तुम्ही जेवणाच्या सुट्टीत उरकलीत.

असे बदल करायला साधनं आहेत हो. टीएक्सएल, स्ट्रॅटेगो किंवा लिनक्सच्या कर्नलमध्ये वापरतात ते कॉक्सिनेल. ती प्रोग्रामकडे अक्षरांची माळ म्हणून बघत नाहीत. आधी त्याची रचना झाडासारखी मांडतात, मग नियम लावतात : हे नाव या जागी, या संदर्भात आलं तरच बदल, एरवी हात लावू नको. नियमही फाइलीत राहतो, त्यामुळे तो वाचता येतो आणि पुन्हा चालवता येतो. तुमचा नियम कंट्रोल-एच दाबल्या क्षणी हवेत विरला.

तेव्हा विनंती अशी. कुठल्या फाइलींत काय काय केलंत ते आठवेल तेवढं सोमवारपर्यंत लिहून पाठवा. एकेक गोष्ट मॉडेलमध्ये किंवा टेम्प्लेटमध्ये घालायची जबाबदारी माझी. बाराचे दोन मी घातलेतच, शिवाय ते प्रत्येक हॉटेलला आपापल्या सोयीनं ठरवता येतील अशी सोयही केली आहे. जुना कोड आणि नव्यानं काढलेला कोड शेजारी ठेवून फरक बघायचाय. यादी हाती आली तर चार दिवसांचं काम, नाही तर होळीपर्यंत चालेल.

यादी येईस्तोवर हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळीच्या फळ्यावर माझ्या जागी तुमचा मोबाइल नंबर लिहून ठेवला आहे. शनिवारी घाटात मेगाब्लॉक आहे असं ऐकतो.

आपला,
जनरेटरचा रखवालदार
(तळेगाव दाभाडे)