पोरगं वाजवतंय, पण वाजत काहीच नाही!

काय दिवस आलेत बघा! वडगाव निंबाळकरात आता पोरं गिटार वाजवतात आणि आवाज येत नाही. रात्रीचे अकरा, पोरगं कॉटवर, डोळे मिटलेले, मान वरखाली, पाय ठेका धरतोय, कानांवर हेडफोन आणि मांडीवर लालभडक इलेक्ट्रिक गिटार. दाराशी कान लावला तर तारांची नुसती टिकटिक. आजी बघते आणि सुनेला हाक मारते, "अगं ए, ह्याला बाहेरचं काय लागलंय का बघ!"

गावाचंही काही चुकत नाही. गिटार वाजवू नये असं कुणीच म्हणत नाही. वाजवायची तर वाजल्यासारखी वाजवावी, एवढंच. आपल्याकडे वाजण्याची रीत ठरलेली आहे. वरातीत डॉल्बी लागली की खिडकीच्या काचा आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याची छाती बरोबरीनं हादरते. सोमेश्वर साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर नीरा-बारामती रस्त्यानं असे गात सुटतात, की गाणं आधी पोचतं आणि ट्रॅक्टर मागनं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. गावात पोलीस ठाणंही आहे. पण तिथं जाऊन सांगायचं काय? "साहेब, शेजारचं पोरगं लई गपगार वाजवतंय"? याला कलम कुठलं लावणार?

तर ही सगळी भानगड एका मुठीत मावणाऱ्या डबीची, म्हणजे गिटारच्या 'हेडफोन अँप'ची आहे. गिटारच्या भोकात खुपसायची, डबीत हेडफोन खुपसायचा, झालं. गिटारच्या लाकडावर बसवलेल्या, तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपमधनं येणारा आवाज इतका क्षीण असतो की थेट हेडफोनला जोडला तर काही म्हणता काही ऐकू येत नाही. डबी तो वाढवते, वर मोठ्या स्पीकरचा स्वभावही त्याला लावते. हा दुसरा भाग महत्त्वाचा. स्पीकर वरचे कर्कश स्वर गिळून टाकतो. ते गिळणारं कुणी नसलं की डिस्टॉर्शनचा मुद्दाम फाडलेला आवाज बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा येतो. म्हणूनच गाणी ऐकायला मिळतो तो 'हेडफोन अँप' इथं चालत नाही. नाव तेच, काम वेगळं. काही पोरं इथंच फसतात.

आणि हे खूळ आजचं म्हणावं तर तेही नाही. अमेरिकेत बोस्टन नावाच्या बँडचा गिटारवाला टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. पोलरॉइड कंपनीत नोकरी करायची आणि घरी आल्यावर तळघरात रेकॉर्डिंग करत बसायचं, असा त्याचा शिरस्ता. त्यानं 1982 साली कमरेला अडकवायचा 'रॉकमन' हा हेडफोन अँप बाजारात आणला. म्हणजे शिकली-सवरली, नोकरीतली माणसं आधी बिघडली, मग आपली पोरं.

आता पारावरची चर्चा ऐका. उसाला पहिली उचल किती, हे विचारायच्या वयात पोरं विचारतात, "तुझ्यात अँप किती?" व्हॉक्सच्या अँपप्लगमध्ये एका डबीत एकाच जातीच्या अँपचा आवाज, रिमोटचे दोन बारके सेल घातले की काम सुरू. फेंडरच्या मस्टँग मायक्रोत बारा अँप आणि बारा इफेक्ट, चार्जिंगची सोय, आणि किंमत दुपटीच्या वर. बारा अँप खिशात घेऊन पोरगं शेतात पाणी धरायला जातं म्हणे! त्याच्याही वरताण बॉसचा वाझा-एअर हा हेडफोन. त्यात मान वळवली तरी अँप समोर ठेवल्यासारखा जागच्या जागीच राहतो. एवढी जागची जागा आमच्या ग्रामपंचायतीतही कुणी धरून ठेवत नाही.

खरी फजिती ब्लूटूथची. वायरलेस हेडफोन आहेच घरात, मग तारेचा कशाला, असं म्हणून डबी मागवायची आणि मग कपाळाला हात लावायचा. बहुतेक डब्यांतलं ब्लूटूथ मोबाइलवरचं गाणं आत घ्यायला असतं, गिटार बाहेर पाठवायला नाही. आणि समजा पाठवलीच, तरी साध्या ब्लूटूथनं आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागानं उशिरा पोचतो. तार आत्ता छेडायची आणि सूर मागनं. ठेक्याचं पार खोबरं.

गावात आणखी एक पीडा आहे, ती म्हणजे गुणगुण. अर्थिंग धड नसेल तर भिंतीतल्या सॉकेटवरचा अँप न वाजवताच घुमत बसतो. सेलवरची डबी त्यातनं सुटते, लाइट गेली तरी वाजते. पण गिटारला सिंगल कॉइल पिकअप असेल आणि डोक्यावर जुनी ट्यूबलाइट असेल, तर 50 हर्ट्झचा घूं कानात येणारच. कूस बदलून बसा, कमी होतो. हंबकर पिकअप असेल तर हा त्रास फारसा नाही.

आमचा निकाल असा. शिकाऊ पोराला सेलवाली साधी डबी आणि कान पूर्ण झाकणारा तारेचा हेडफोन पुरे. स्ट्रॅट जातीच्या गिटारचं भोक तिरपं आणि खोलगट असतं, तिथं जाडजूड डबी अडते. म्हणून पिन वळणारी घ्या. आवाजाची कळ बेतानं फिरवा, कारण ओरडायला आता शेजारी उरलेला नाही आणि कान आपलेच आहेत. उरलेल्या पैशांत तारा घेऊन ठेवा. पहिली तार सगळ्यात आधी तुटते.