नवस की पंक्चर?

यावलच्या माणसाला सातपुडा रोज दिसतो, म्हणूनच तो तिथे जात नाही. गच्चीवर बिबडे वाळत घालताना उत्तरेला डोंगर, केळीच्या बागेतून मान वर केली तरी उत्तरेला डोंगर. ढग डोंगराला टेकले की पाऊस येणार आणि नुसतेच पुढे सरकले की पंपाचं बिल येणार, एवढाच आमचा आणि त्याचा व्यवहार. बाकी थंड हवा खायची असेल तर आम्ही रात्रभर गाडी हाकून महाबळेश्वर गाठतो, तिथे स्ट्रॉबेरी विकत घेतो आणि परत येऊन ऊन फार आहे म्हणतो.

हे पुण्याच्या भाच्याला पटेना. त्याने सह्याद्रीतले गड एकेक करून संपवत आणले आहेत. दिवाळीनंतर तो पाठीवर माणूसभर उंचीची पिशवी, घोट्याच्या वर चढलेले बूट आणि हातात घडीच्या दोन काठ्या घेऊन आला. "मामा, पालपासून तोरणमाळपर्यंत जायचं. गाडीने पुढे सरकायचं, आणि प्रत्येक मुक्कामी उतरून डोंगरात चालायचं."

गाडी आप्पांची ठरली. आप्पा म्हणजे आमचे शेजारी, केळीवाले, बोलेरोवाले. पाय हे क्लच आणि ब्रेक दाबण्यासाठी दिलेले असतात, यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी काठ्या उलटसुलट करून पाहिल्या. "भाचेबुवा, या कायले आन्या? अजून तर तुझं वय बी नाही."

आमच्या भागात कोणी चालतच नाही, असं मात्र समजू नका. चैत्रात सप्तशृंगीला निघालेली खानदेशातली माणसं वणीचा गड पायी गाठतात. धनत्रयोदशीच्या सुमाराला अस्तंब्याची यात्रा असते. तेराशे मीटरपेक्षा उंच ते शिखर पोरं अंधारात चढून जातात. अश्वत्थामा अजून तिथे फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो, अशी समजूत आहे. तेव्हा चालायचं तर देवासाठी, नाहीतर गाडी बंद पडली म्हणून. निव्वळ चालण्यासाठी चालणं हा तिसरा प्रकार आमच्याकडे अजून पोचलेला नाही.

याचा प्रत्यय पालच्या रस्त्यावरच आला. फैजपूर मागे टाकलं. हे तेच फैजपूर, जिथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. नेहरू अध्यक्ष होते आणि मंडपाची बांबूची सजावट नंदलाल बोसांनी केली होती. पुढे केळी संपून साग सुरू झाला तसा भाचा उतरला, आप्पांना गाडी पुढे न्यायला सांगितली आणि आम्ही दोघं चालू लागलो. शंभर पावलं झाली नसतील, मागून मोटारसायकल येऊन थांबली.

"काय भो, पंक्चर का?"

"नाही हो, चालतोय."

"चालून ऱ्हायले? कायले?" त्याने भाच्याच्या काठ्यांकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "नवस हाय का?"

भाचा म्हणाला, "नाही. असंच."

'असंच' हे उत्तर त्याला झेपलं नाही. घरात भांडण झालं असावं, अशा समजुतीने त्याने आम्हाला मागे बसायचा आग्रह केला. तो गेला तर दूधवाला थांबला. तो गेला तर केळीचा रिकामा ट्रक. मी तिसऱ्या वेळी नवस आहे म्हणून टाकलं. ट्रकवाल्याने हात जोडले, दोन केळी दिली आणि निघून गेला. भाच्याला खोटं बोलणं आवडलं नाही, केळं आवडलं.

पाल हे जळगाव जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण. थंड हा शब्द इथे जिल्ह्याच्या मापाने घ्यायचा. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथे दोन-चार अंशांचीही कौतुकं होतात. गारबर्डीचं धरण भरलेलं होतं, सुकी नदी आपलं नाव खोटं करून वाहत होती. आप्पा काठावर उभे राहिले आणि एकदम गंभीर झाले. पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी त्यात मुरतं आणि खाली यावल-रावेरच्या विहिरींत उतरतं, हे त्यांनी आम्हाला समजावलं. "ह्यो डोंगर नसता तं माह्या केळीले जीआय मिळालं असतं का?" जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं. ते आप्पा स्वतःच्या नावावर धरतात.

यावल अभयारण्य १९६९ चं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या वरचं, मध्य प्रदेशाला खेटलेलं. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती भाच्याने आधीच काढली होती. जामन्याकडून लंगडा आंब्याच्या बाजूला आम्ही वनमजुराच्या मागे चाललो आणि इथे प्रथमच कोणी पंक्चर विचारली नाही, कारण विचारायला कोणी नव्हतं. भाचा भराभर पुढे जाई. वनमजूर पावलापावलाला थांबे. एका सलईच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचे ताजे घाव होते आणि खालच्या ओठावर डिंक लोंबत होता, वरून मऊ, कडेला काचेसारखा कडक. त्याने नखाने थोडा खरवडला, वास घ्यायला दिला आणि म्हणाला, "चोरून काढतात. झाड मरतं." पुढे अंजनाचं झाड आलं. दगडात उगवलेलं, दोन-दोन पानांची जोडी देठाशी शिवलेली. तो त्यावर हात ठेवून दोन मिनिटं नुसता उभा राहिला. भाच्याने घड्याळात पाहिलं. त्याचा सरासरी वेग खाली आला होता.

पिशवीला शिट्टी होती. भाच्याने विचारलं, "शिट्टी वाजवली तर अस्वल पळतं का?"

"ते सांगता येत नाही," वनमजूर म्हणाला. "पण कुठे शोधायचं ते आम्हाला कळंल."

त्याला खरं तर दाखवायचा होता रानपिंगळा. या पक्ष्याची कथा मला सातपुड्यातल्या सगळ्या दंतकथांपेक्षा आवडते. ह्यूम नावाच्या इंग्रजाने १८७३ साली तो जगापुढे आणला. होय, तेच ॲलन ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ मध्ये काँग्रेस काढली. म्हणजे फैजपूरच्या अधिवेशनाचं आणि या घुबडाचं दूरचं नातं लागतं. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये शेवटचा नमुना गोळा केला आणि मग पक्षी गायब. पुढे मेनर्ट्झहागेन नावाच्या एका पक्षीतज्ज्ञाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर १९१४ आणि गुजरातेतलं मांडवी अशी चिठ्ठी लावली. लोक तिथे शोधत बसले. पामेला रासमुसेन या विदुषीने ही लबाडी पकडली, ते ठिकाण यादीतून उडवलं आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात तिला व तिच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा सापडला. एकशेतेरा वर्षांनी! बरं, हा पक्षी गुहेत लपणारा नाही. भरदिवसा, निष्पर्ण फांदीवर, शेपटी हलवत बसतो. तो हरवला नव्हता, शोधणाऱ्यांकडे पत्ता खोटा होता. आम्हाला तो दिसला नाही. वनमजूर म्हणाला, काल इथेच होता. पक्षी दाखवायला नेलेल्या प्रत्येक माणसाने हे वाक्य ऐकलेलं असतं.

मनुदेवीला मात्र भाच्याचा नाइलाज झाला. आडगावच्या पुढे तिन्ही बाजूंनी डोंगर, मागे धबधबा, पुढे देऊळ. तिथे पायी निघालेला माणूस भाविकच असणार. लोकांनी त्याला काठ्यांसकट रांगेत पुढे जाऊ दिलं. एका आजीने त्याच्या बुटांकडे बघून हळहळ व्यक्त केली, "अनवाणी नाही झेपत का रे बापा? असू दे, देवीले चालतं."

खरा अडथळा पुढे होता. बामणोदला आप्पांच्या साडूंचं शेत आहे आणि आपण तिकडे फिरतोय हे आप्पांनी त्यांना फोनवर कळवलं होतं. वाट वाकडी करून जावं लागलं. आम्ही पोचलो तेव्हा बांधावर कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटलेला होता. भरिताची वांगी म्हणजे ती बाजारातली जांभळी नव्हेत. ही हिरवी, पांढरट रेघांची, हातात धरली तर तळवा भरेल अशी. जाळात ती टाकली की आधी चर्र होतात, मग साल काळी पडून फुटते आणि देठाजवळून वाफ सुटते. तेवढ्यावर साडू ओळखतात की झालं. साल काढायची, गर लाकडी बडगीत घालायचा, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायचा, वरून तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याच्या पुऱ्या. भाच्याने आपल्या पिशवीतून सुक्या मेव्याची वडी काढली, ट्रेकला हीच खातात म्हणाला. साडूंनी ती हातात घेतली, वास घेतला आणि बैलाला दिली. बैलाने ती खाल्ली, हे भाच्याच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

त्या दुपारी चालण्याचा विषय निघाला नाही.

अडावदजवळ उनपदेवाला गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्यात भाच्याने पाय सोडले. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हा झरा काढला म्हणतात. कोणासाठी का असेना, बुटातून बाहेर आलेल्या पायांना तो फार मानवला. तिथून चोपडा, मग अनेर ओलांडून शिरपूर. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर या रस्त्याची कीर्ती खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. आप्पा एक खड्डा चुकवत ते दुसऱ्यात जाण्यासाठी. मागच्या सीटवर भाचा पेंगत होता आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ अचानक थरथरलं. पडद्यावर फटाके फुटले. आजची दहा हजार पावलं पूर्ण, अभिनंदन! जंगलात दिवसभर वनमजुरामागे चालून घड्याळाचं समाधान झालं नव्हतं. रस्त्याने ते बसल्या जागी करून दिलं. आप्पांनी गाडी कडेला घेतली, हसून घेतलं आणि मग स्वतःच्या पत्नीला फोन करून आपण आज दहा हजार पावलं चालल्याचं सांगितलं.

शहाद्याहून तोरणमाळला चढताना सातपायरीचा घाट लागतो. वळणावर वळण रचलेला रस्ता वरून पाहिला की आप्पांसारखा माणूसही बोलायचा थांबतो. वर अकराशे मीटरच्या पुढे पठार, मधोमध यशवंत तलाव, पहाटे त्यावर धुकं. भाचा अंधारातच उठला आणि मला घेऊन सीताखाईच्या बाजूला निघाला. इथे तरी सुखाने चालू द्या, असा चेहरा करून तो कड्यावर पोचला, काठ्या रोवल्या, दरीकडे तोंड केलं. खालच्या पाड्यावरून एक पावरा बाई वर येत होती. डोक्यावर गाठोडं, काखेत कोंबडी, पायात रबरी चप्पल, आणि दम लागल्याची खूण नाही. ती आमच्यापाशी थांबली. मी मनात म्हटलं, आता हीसुद्धा विचारणार, नवस की पंक्चर.

तिने विचारलं, "शहाद्याची बस गेली का?"

बस नुकतीच गेली होती. भाच्याने फार वाईट वाटून तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली, कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली आणि गावाकडे चालू लागली. परत निघताना आप्पांनी तिला आणि कोंबडीला बोलेरोत घेतलं. पुढची सीट तिची, मागे भाचा, मी आणि काठ्या.

तुम्हाला जायचं असेल तर पाऊस संपल्यावर आणि फाल्गुनाच्या आत जा. अभयारण्याची परवानगी आधी काढा, वनमजुराच्या पुढे चालू नका, डिंकाला हात लावू नका. बामणोदला जायचं तर हिवाळ्यातच, आणि सकाळी काही न खाता. वाटेत ढाब्यावर शेवभाजी मागवताना 'कमी तिखट' म्हणू नका. आचारी दुखावतो आणि तिखट तेवढंच राहतं.