पोराला तीन लाखांची पेटी हवी आहे

"वहिनी, आहात का? कढीपत्ता छाटलाय, भिंतीवर ठेवते. आणि काल रात्री तुमच्याकडे एवढा आवाज कसला हो?"

"आमच्या रोहितचा. त्याला ते रोलंडचं फँटम कीबोर्ड हवंय. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोरानं हप्त्यांवर आणलं ना, तेव्हापासून ह्याला घास गोड लागेना. दुकानदारानं तीन लाखांच्या वर आकडा सांगितला. ह्यांनी हात जोडले."

"अगं बाई! कर्ज काढून घेणार?"

"मग काय तर. म्हणतो, सगळं एकात येतं. सूर त्यात, ताल त्यात, गाणं रचायचं त्यातच. कॉम्प्युटरचं तोंड बघायला नको."

"तोंड बघायला नको, पण पोटात तोच असतो की! मला नका सांगू, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याशी संसार केलाय मी. २०११ साली कॉर्गनं क्रोनॉस काढला. ह्यांच्या ग्रुपमधल्या एकानं घेतला. आत इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर, वर लिनक्स. म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त कळा लावलेला. चालू केला की दोनेक मिनिटं नुसता उठतोय. एकदा सुपारी रंगात आली असताना लाइट गेली आणि आली. तबला तयार, ढोलकी तयार, हा आपला पडद्याकडे बघत बसलाय. निवेदकाचे विनोद लोकांनी तो सांगायच्या आधीच पुरे केले!"

"आवाज तरी चांगला होता?"

"आवाजाला नाव ठेवायला जागाच नव्हती. हे अजून आठवण काढतात. पण त्याच्या आधीची गंमत ऐका. २००५ मध्ये ह्याच कंपनीनं ओएसिस काढला होता, आठ हजार डॉलरच्या आसपास. आत पेंटियम ४. पुढे त्यात नवंनवं घालता येईल, म्हणून मोठमोठ्या लोकांनी घेतला. २००९ ला बंद! आणि दोन वर्षांनी क्रोनॉस आला, निम्म्याहून कमी पैशांत आणि जास्त काही घेऊन. ओएसिसवाल्यांच्या बायका काय म्हणाल्या असतील, विचार करा."

"म्हणजे थांबावं म्हणता?"

"थांबावं असं नाही हो. थांबायचं म्हटलं तर कधीच घेणं होत नाही. १९८८ ला ह्यांचा जीव कॉर्गच्या एम-वनवर जडला होता. चार एमबीत सगळे टोन, आणि जगभर त्याच्या पियानोनं वेड लावलं होतं. हे मुंबईला जाऊन नुसतं हात लावून आले. आता तोच एम-वन आयपॅडवर अ‍ॅप म्हणून मिळतो. भाच्यानं ह्यांना लावून दिला तर दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी."

"आनंदानं?"

"कोण जाणे. बरं, मला सांगा, रोहित स्टेजवर वाजवतो का?"

"कुठलं! गणपतीत सोसायटीत वाजवलं तेवढंच. घरी गाणी करायची आहेत त्याला. यूट्यूबवर टाकणार म्हणे."

"हं. मग इथेच गडबड आहे. स्टेजवाल्याला महागडं का लागतं ते कळतं मला. एक टोन सोडून दुसरा घेतला तरी आधीचा सूर मध्येच तुटत नाही. कळ दाबून ठेवून वर आणखी जोर दिला की सूर हलतो, फुलतो. पाच माणसांचं काम दोन हातांवर येतं. लग्नात नवरीची आई अचानक म्हणते, 'बासरी लावा', तेव्हा लॅपटॉपवर फोल्डर शोधत बसता येत नाही. पण स्टेजवाले तरी तीन लाख घालतात का? इकडे सांगली-मिरजेकडे बघा, रोलंडच्याच एक्सपीएस-३० वर अख्खे ऑर्केस्ट्रे चाललेत. सतार-तबल्याचे भारतीय टोन त्यात भरता येतात, आणि फँटमच्या पैशात असे तीन बसतील. शिवाय वजन. ते मोठं फँटम सगळ्यात छोटं घेतलं तरी पंधरा किलो. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कोण चढवणार? २०२२ मध्ये रोलंडनंच हलकं, स्वस्त फँटम-०६ काढलंय, सहा किलोच्या आसपास. सूर निघतो तो त्याच इंजिनातून. त्या ज्यादा जोराला सूर फुलण्याची सोय नाही, आणि मोठ्यात खरा अ‍ॅनालॉग फिल्टर आहे तो ह्यात नाही. घरात बसून कुणाला कळणार आहे?"

"पण त्याला रेकॉर्डिंग हवंय."

"तेच तर! गाणाऱ्याचा आवाज चार वेळा घ्यायचा, त्यातलं बरं ते निवडायचं, मागे-पुढे करून बसवायचं, तर फँटमची वायर शेवटी लॅपटॉपलाच जोडतात. लॉजिक, एबलटन ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरशी जुळवून घ्यायची सोय कंपनीनंच दिलीय. मग 'सगळं एकात' कुठे राहिलं? भाच्याकडे तसलंच रीपर आहे. साठ दिवस फुकट वापरून बघा, आवडलं तर साठ डॉलर. एक साउंड कार्ड, एक छोटा मिडी कीबोर्ड. लॅपटॉप रोहितकडे आहेच की."

"तेही करून झालं, काकू. लॅपटॉपवर बसला की रात्र-रात्र नुसते प्लगइन उतरवतो. ड्रमचे दोनशे आवाज ऐकतो, गाणं एकही नाही. वर कळ दाबली की सूर मागाहून येतो म्हणून चिडतो. तो म्हणतो, यंत्र घेतलं की बसेन आणि करेन. तेवढं मात्र मला पटतं."

"हे बाकी खरं हं. आमचे हेही म्हणतात, चालू केलं आणि वाजवलं, त्याची मजा वेगळी. पण सूर मागाहून येतो ना, तो लॅपटॉपच्या अंगच्या आवाजावर वाजवतो म्हणून. साउंड कार्ड लावून बफर १२८ वर आणला की बफरचा उशीर जेमतेम तीन मिलिसेकंद. ढोलकीवाल्यालासुद्धा कळत नाही. आणि ते फुकटचे क्रॅक प्लगइन आधी काढायला सांगा, निम्मे हँग त्यांच्यामुळेच होतात. दोनशे आवाज ऐकायचा रोग म्हणाल, तर फँटममध्ये टोन काय दहाच आहेत? हजारोंनी आहेत."

"आमच्या फूड प्रोसेसरसारखंच म्हणायचं. सात भांडी आणली, निघतं एकच."

"अगदी! पैसे घालायचेच असतील तर माइकवर घाला, चांगल्या हेडफोनवर घाला. आणि त्याची ती वरची खोली, फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या. तिथे टाळी वाजवली तर अर्धा मिनिट घुमते. जुन्या गाद्या, जाड पडदे लावा आधी. तिथला आवाज तीस लाखांच्या यंत्रानंसुद्धा सुधारायचा नाही."

"गाद्या आहेत माळ्यावर."

"मग झालं की! आमचे हे काय म्हणतात माहितीय? मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोरा आणला तर नातू वाजवेल. कीबोर्ड आणला तर नातू हसेल. म्हणतात, आणि तेच संध्याकाळी फँटमचे व्हिडिओ बघत बसतात."

"आणि कोपऱ्यावरचा तो? वाजवतो तरी का? आम्हाला तर काही ऐकू येत नाही."

"हेडफोन लावून वाजवतो म्हणे. पण त्याची आई परवा भाजीवाल्यापाशी भेटली. दोन हप्ते थकलेत, पोराला पुण्यात नोकरी लागतेय, खोली एवढीशी. मी म्हटलं, वहिनी, खोका आणि बिल नीट ठेवा हो, विकताना दोन पैसे जास्त येतात."

"विकणार आहे तो?"

"हळू बोला! आमच्या ह्यांनी निरोप पाठवलाय कालच. रोहितला एवढ्यात काही सांगू नका."